किल्लीप्रदान

पुत्र सोळा वर्षांचा झाला की त्याच्याशी मित्रासारखे वागावे, असा उपदेश आमच्या नीतिकारांनी फार पूर्वीच करून ठेवला आहे. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या चौथ्या कलमानेही, नीतिशास्त्राचे परिशीलन करून असो वा निव्वळ योगायोगाने असो, नेमक्या ह्याच वयाच्या मुलामुलींना दुचाकी चालविण्याची पहिली मुभा दिली आहे. धर्म आणि दफ्तर ह्यांचे असे मतैक्य झाले म्हणजे मध्यमवर्गीय गृहस्थाला स्वतंत्र विचार करण्याचे कारण उरत नाही. मित्राने गाडी मागितली तर त्याला नाही म्हणावयाचे नसते. सबब दहावीच्या निकालाचे पेढे संपतात न संपतात तोच घरोघरी किल्लीप्रदानाचा समारंभ यथासांग पार पडतो, आई गाडीला हळदकुंकू लावते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, आणि गॅसवरचे दूध उतू जाण्यापूर्वी बंद करण्याची जोखीम ज्याच्यावर कालपर्यंत सोपविता येत नव्हती, त्या चिरंजीवाच्या स्वाधीन शंभरेक किलो वजनाचे एक यंत्र बिनदिक्कत करण्यात येते.

नीतिकारांच्या वचनाला पोटकलमे नव्हती. कायद्याला आहेत, आणि ती वाचण्याइतकी सवड ह्या समारंभाच्या धामधुमीत कोणालाच नसते. सोळाव्या वर्षी मिळणारी मुभा ही पन्नास सी.सी.पर्यंतच्या इंजिनापुरतीच मर्यादित असून त्यावरील प्रत्येक वाहनासाठी अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ही तरतूद झाली त्या काळी तिला अर्थ होता. १९७२ साली बाजारात आलेली लूना तेव्हा रस्तोरस्ती फिरत होती, आणि चढ आला की पायडल मारून तिला हातभार लावावा लागत असल्यामुळे चालकाच्या तारुण्यसुलभ उन्मादाला आपोआपच लगाम बसत असे. आज पन्नास सी.सी.ची पेट्रोलची गाडी बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली आहे, आणि शोरूममध्ये ओळीने उभ्या असतात त्या एकशेदहाच्या आणि एकशेपंचवीसच्या. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाला जी गाडी चालविता येते ती मिळत नाही, आणि जी मिळते ती चालविता येत नाही. परंतु गाडीचे ॲव्हरेज किती, डिकीत काय काय मावते आणि निळा रंग आठवड्यात येईल का, ह्या तीन प्रश्नांवर तासभर हुज्जत घालणाऱ्या पित्याच्या मनाला हा चौथा प्रश्न शिवत नाही. जे थोडे कायदेभीरू असतात ते अडीचशे वॉटची, ताशी पंचवीस किलोमीटरच्या पुढे न जाणारी, आणि म्हणूनच परवान्यावाचून चालविता येणारी विजेची गाडी घेतात. आणि त्यांतलेही काही मुलगा फारच मागे पडतो म्हणून मेकॅनिककडून तिचा वेग गुपचूप वाढवून घेतात.

तथापि मुलाचे वाहनशिक्षण सोळाव्या वर्षी सुरू होते हा समजच मुळी भ्रामक आहे. ते तिसऱ्या वर्षी सुरू होते. स्कूटरच्या पुढच्या फळीवर, पित्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये, आरशांच्या दांड्या दोन्ही हातांनी घट्ट धरून जो बालक उभा असतो, त्याला आपण प्रवासी समजतो. वस्तुतः तो विद्यार्थी असतो. त्याची जागा वर्गातल्या पहिल्या बाकाहूनही पुढची असते, त्याच्या दृष्टीआड काहीही होत नाही, आणि शाळेत रोज दोनदा ने-आण करण्याच्या निमित्ताने हा वर्ग रविवार वगळता वर्षानुवर्षे अखंड भरत असतो.

ह्या वर्गातला पहिला पाठ सिग्नलचा. चौकात लाल दिवा असतो आणि त्याखालचे आकडे उलटे मोजले जात असतात. सात हा आकडा दिसताच सभोवतालची सर्व वाहने गुरगुरू लागतात, पाचाला पुढची चाके पांढऱ्या पट्ट्यांपलीकडे जातात आणि तिनाला चौक मोकळा होतो. "बाबा, अजून लाल आहे ना?" असे बालक निरागसपणे विचारते, त्यावर बाबा चौकाच्या चारही कोपऱ्यांचे बारकाईने अवलोकन करून "कोणी नाहीये रे" असे उत्तर देतात. प्रश्न रंगाविषयी होता आणि उत्तर माणसाविषयी मिळाले, ही विसंगती तीन वर्षांच्या बुद्धीला क्षणभर खटकते. पण लवकरच तिला उमगते की लाल रंगाचे अस्तित्व हे पाहणाऱ्या हवालदाराच्या अस्तित्वावर अवलंबून आहे. हाच सिद्धान्त वेदान्त्यांनी मांडला असता तर त्यावर भाष्ये झाली असती. आमच्याकडे तो बालवाडीतच आत्मसात होतो.

दुसरा पाठ एकेरी मार्गाचा. बाजीराव रस्ता एका दिशेने आणि शिवाजी रस्ता दुसऱ्या दिशेने वाहतो, ही गोष्ट पुण्यात जन्मलेल्या प्रत्येकाला जन्मतःच ठाऊक असते, परंतु ज्या दुकानात जावयाचे ते उलट दिशेला केवळ चार इमारतींच्या अंतरावर असेल, तर "एवढ्यासाठी कोण वळसा घालणार?" असा प्रश्न बाबा करतात आणि गाडी कडेकडेने घालतात. हे 'कडेकडेने' फार महत्त्वाचे आहे. मध्यातून उलटे गेले तर तो अपराध, पण पदपथाला चाक घासत, मान किंचित खाली घालून, समोरून येणाऱ्यांकडे न पाहता उलटे गेले तर ती निकड, असा बारीक विवेक ह्या पाठात शिकविला जातो, आणि समोरून येणारेही त्याच शाळेतून उत्तीर्ण झालेले असल्यामुळे ते निमूटपणे वाट देतात.

तिसरा पाठ मामांनी अडविल्यानंतरचा. ह्यात वक्तृत्व, अभिनय आणि वंशावळ ह्या तिन्ही विद्यांचा परिचय होतो. बाबा प्रथम सिग्नल पिवळाच होता असे प्रतिपादन करतात. ते फेटाळले गेल्यावर एखाद्या नगरसेवकाशी असलेले दूरचे नाते उघड करतात. आणि तेही निष्फळ ठरताच "साहेब, पोराला दवाखान्यात न्यायचंय हो" असे म्हणून फळीवरच्या धडधाकट बालकाकडे बोट दाखवितात. पहिल्या वेळी ते बालक चकित होते. दुसऱ्या वेळी न सांगता खोकते. पुढे पावती फाडण्याची जागा कॅमेऱ्याने आणि ई-चलानाने घेतली, तेव्हा ह्या पाठाचा अभिनयाचा भाग मागे पडला. पण "राहू दे, लोक अदालतीत कमी करून देतात" हे नवे वचन अभ्यासक्रमात दाखल होऊन अर्थशास्त्राची उणीवही भरून निघाली.

मातेकडून मिळणारे शिक्षण ह्याला पूरक असते. उजवा दिवा लुकलुकत ठेवून तीन चौक सरळ जाणे, ब्रेकवर विश्वास न ठेवता दोन्ही पाय जमिनीवर घासत गाडी थांबविणे, शाळेच्या फाटकासमोर रस्त्याच्या मध्यावर उभे राहून दुसऱ्या पालकाशी उद्याच्या डब्याविषयी विचारविनिमय करणे, आणि मोबाइल कान व खांदा ह्यांच्यामध्ये दाबून धरीत मान तिरकी ठेवूनच घरापर्यंत येणे, ही प्रात्यक्षिके ती देते. तेरा वर्षांच्या अशा निरंतर अध्ययनानंतर जो विद्यार्थी सोळाव्या वर्षी प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या दारात उभा राहतो, त्याला नवशिका म्हणणे हा त्याच्या गुरूंचा अधिक्षेप होय.

सरकार मात्र त्याला नवशिकाच समजते, आणि समजुतीला अनुसरून त्याची परीक्षा घेते. अर्जदार अज्ञान असेल तर पालकाची लेखी संमती लागते. आणि प्रगतिपुस्तकावर सही करण्यापूर्वी प्रत्येक गुणाचा खुलासा मागणारा पिता हा मजकूर न वाचताच सही करून मोकळा होतो. मग प्रश्नपत्रिका. हल्ली ती आधार क्रमांकाच्या साह्याने घरबसल्याही देता येते. संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर उमेदवाराने एकट्याने बसावे अशी अपेक्षा असते, आणि तो एकटाच दिसतो हे खरे. कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर पलंगाच्या टोकाला बहीण, दाराआड काका आणि देवघरातून कान देऊन बसलेली आजी असे सल्लागार मंडळ सज्ज असते.

परंतु खरे सांगावयाचे तर हुशार मुलाला त्यांची गरज पडत नाही. पादचारी झेब्रा पट्ट्यांवरून रस्ता ओलांडीत असतील तर तुम्ही काय कराल, अशा धर्तीचे प्रश्न असतात. त्याखाली हॉर्न वाजवून पुढे जाल, वेग वाढवून त्यांच्या आधी निघाल, की थांबून त्यांना जाऊ द्याल, असे पर्याय असतात. मुलगा क्षणभर डोळे मिटतो, तेरा वर्षांच्या आठवणी चाळतो, आणि आपल्या बाबांना जे करताना कधीही पाहिलेले नाही त्या पर्यायावर बोट ठेवतो. ही युक्ती सहसा चुकत नाही. उत्तीर्ण होण्यासाठी शेकडा साठ गुण पुरतात. म्हणजे शंभरांतल्या चाळीस नियमांशी काडीचाही परिचय नसलेल्या इसमाला रस्त्यावर जाण्याची इजाजत मिळते, आणि बाकीचे साठ त्याने पाळावे अशी सक्ती करणारा कोणी फळीवर उभा नसतो.

शिकाऊ परवाना हाती आला की गाडीच्या पुढेमागे लाल रंगाचा इंग्रजी 'एल' लावावा लागतो. ह्या अक्षराविषयी केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या कर्त्यांनी दाखविलेली आस्था पाणिनीलाही लाजवील अशी आहे: पार्श्वभूमी पांढरी, पाटी निदान अठरा सेंटिमीटर चौरस, अक्षराची उंची दहा, तळाची रुंदी नऊ आणि जाडी दोन सेंटिमीटर. प्रत्यक्षात वायरमनची लाल चिकटपट्टी दोन ठिकाणी तोडून हेडलाइटच्या वर आडवीउभी चिकटविली की शास्त्रार्थ झाला असे मानण्याचा शिरस्ता आहे. शिकविणाऱ्या परवानाधारकाखेरीज कोणालाही शिकाऊ चालकाने दुचाकीवर मागे बसवू नये असेही त्याच नियमांत म्हटले आहे. संध्याकाळी क्लास सुटल्यावर त्या चिकटपट्टीच्या मागे जे ट्रिपल सीट मंडळ विराजमान झालेले दिसते, त्यातले उरलेले दोघे शिकविण्याच्याच हेतूने बसलेले असतात, आणि मोठमोठ्याने शिकवीतही असतात. अडचण एवढीच की त्या दोघांचेही शिक्षण अद्याप पुरे झालेले नसते.

महिनाभराने पक्क्या परवान्याची कसोटी येते, आणि तिचे मर्मस्थान म्हणजे आठाचा आकडा. मैदानावर आखलेला आठ पाय न टेकता काढून दाखविणे, ह्यात जन्माचे सार्थक आहे अशी उमेदवाराची भावना असते. त्यासाठी तो सोसायटीच्या आवारात पहाटे आठ काढतो, रात्री आठ काढतो, स्वप्नात आठ काढतो. साहेबांसमोर त्याचा आठ निर्दोष उमटतो, आणि त्यानंतर उभ्या आयुष्यात त्याला आठ काढावा लागेल असा रस्ता भेटत नाही. जे भेटतात त्यांना आकडा नाही: मध्येच उघडलेला मोटारीचा दरवाजा, वळणावर सांडलेली खडी, पावसाने बुजलेल्या खड्ड्यावरचे गढूळ पाणी, आणि बसच्या पुढून अचानक अवतरणारा गृहस्थ. ह्यांच्यासमोर वेग आधीच कमी असावा लागतो, आणि वेग आधीच कमी ठेवण्याची परीक्षा मैदानात घेता येत नाही.

अठरा वर्षे झाली की चारचाकीसाठी मोटार ड्रायव्हिंग स्कूल. तेथील अभ्यासक्रम नियमाने ठरलेला आहे: किमान एकवीस दिवस आणि प्रत्यक्ष चालविण्याचे किमान दहा तास. सरासरी काढू पाहता दिवसाला अर्धा तासही पडत नाही, आणि त्यातही पाच मिनिटे आसन पुढे-मागे सरकविण्यात व पाच मिनिटे सरांचा फोन संपण्याची वाट पाहण्यात जातात. ह्या गाडीचे वैशिष्ट्य असे की सरांच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. "क्लच सोडा… हळू… हळू सोडा म्हटलं ना!" असे सर म्हणतात, गाडी दोन आचके देते, समोर हातगाडी येते, गाडी थांबते, आणि आपण ती थांबविली अशी शिष्याची प्रामाणिक समजूत होते. एकविसाव्या दिवशी तो प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो, बाविसाव्या दिवशी बाबांच्या मोटारीत बसतो, आणि डाव्या बाजूला ब्रेक नसल्याचा शोध त्याला आणि डाव्या बाजूला बसलेल्या बाबांना एकदमच लागतो.

ह्या सर्व संस्थांच्या पलीकडे एक मोठी, विनामूल्य आणि अहोरात्र चालणारी पाठशाळा आहे, ती म्हणजे रस्त्यावरचा समाज. हा समाज एरवी कोणाला इंचभर वाट देणार नाही, मागून हॉर्न वाजवून कानठळ्या बसवील, कट मारून जाईल. पण एखाद्याच्या गाडीचा साइड स्टँड खाली राहिला आहे असे दिसले की त्याच्या अंतःकरणाला पाझर फुटतो. "स्टँड! ओ दादा, स्टँड!" असे ओरडत तो जिवाच्या आकांताने पाठलाग करतो, त्यासाठी स्वतः सिग्नल तोडतो, राँग साइडने येऊन गाठतो, आणि स्टँड वर झालेला पाहून कृतार्थ मुद्रेने निघून जातो. स्त्री चालक असेल तर ओढणी किंवा पदर चाकाशी लोंबत असल्याची सूचनाही तितक्याच कळकळीने दिली जाते, आणि ती खरोखरच जीव वाचविणारी असते. परस्परांच्या रक्षणाची एवढी जाज्वल्य भावना ज्या समाजात आहे, तोच समाज डोक्यावर हेल्मेट घालण्याचा प्रश्न आला की व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता बनतो. पुण्यनगरीत तर हेल्मेटसक्तीविरुद्ध रीतसर कृती समित्या स्थापन होऊन मोर्चेही निघाले. कायद्याच्या १२९व्या कलमाने चार वर्षांवरील प्रत्येकाला शिरस्त्राण सांगितले आहे. प्रत्यक्षात ते कोपराला अडकविलेले, आरशावर टांगलेले किंवा डिकीत सुखरूप ठेवलेले आढळते. आणि धुळीपासून त्वचेचे रक्षण व्हावे म्हणून चेहरा स्कार्फने डोळ्यांपर्यंत गुंडाळून घेतलेली तरुणी त्याच डोक्याचा वरचा भाग निर्धास्तपणे दैवाच्या हवाली करते.

येथवर विनोद चालला, कारण येथवर कोणी पडले नव्हते. २०२२ साली भारतात चार लाख एकसष्ट हजारांहून अधिक रस्ते अपघात नोंदले गेले, आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मेली. मृतांपैकी शेकडा चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात मध्यरात्रीनंतर भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. मोटार चालविणारा अठरा वर्षांच्या आतला होता, आणि त्याला प्रथम जामीन देताना ज्या अटी घातल्या गेल्या त्यांत अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा अशी एक अट होती. निबंधलेखन हाच ज्याचा व्यवसाय आहे अशा प्रस्तुत लेखकालाही त्या वाङ्मयप्रकाराचे एवढे सामर्थ्य ठाऊक नव्हते. न्यूझीलंडने १९८७ साली एक वेगळीच तजवीज केली: तरुणाला परवाना टप्प्याटप्प्याने द्यावयाचा, आणि मधल्या टप्प्यात जाणत्या चालकावाचून रात्री दहा ते पहाटे पाच गाडी चालवावयाची नाही व मित्रमंडळींना बरोबर घ्यावयाचे नाही. कोवळ्या चालकाला अंधार आणि सोबती हे दोन्ही घातक ठरतात, एवढेच त्यामागचे साधे निरीक्षण. आमच्याकडे किल्ली मागितली जाते ती बहुधा रात्री दहानंतर, आणि मित्र खाली थांबलेत म्हणूनच.

आमचा कायदा ह्या बाबतीत कोणापासून सुरुवात करावी हे बरोबर ओळखून आहे. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेले कलम '१९९ अ' असे सांगते की अज्ञान मुलाने वाहनाचा गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक हाच दोषी असल्याचे न्यायालयाने गृहीत धरावे. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. एरवी आरोपीला निर्दोष मानणारे न्यायशास्त्र येथे पित्यालाच सिद्ध करावयास लावते की हे आपल्या नकळत घडले, किंवा आपण योग्य ती सर्व दक्षता घेतली होती. आणि देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावर, मुलाच्या हाताला सहज येईल अशा उंचीवर, किल्ली टांगणाऱ्या गृहस्थाला दक्षतेचा पुरावा देताना बरीच यातायात पडते. ब्रह्मचर्याश्रमाची मर्यादाही शास्त्राने पंचवीस वर्षेच सांगितली आहे. म्हणजे धर्म आणि दफ्तर ह्यांचे पुन्हा एकदा मतैक्य झाले म्हणावयाचे, फक्त ह्या खेपेस ते पायी चालण्यावर झाले आहे.

तरीही हे कलम अपुरे आहे असे आमचे नम्र मत आहे, कारण ते अपघात झाल्यावर जागे होते. संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी पालकालाच तीच प्रश्नपत्रिका, त्याच कॅमेऱ्यासमोर, दाराआडच्या काकांवाचून सोडवावयास लावावी, अशी दुरुस्ती कोणी सुचविली तर आम्ही तिचे स्वागत करू. परंतु दुरुस्त्यांना वेळ लागतो आणि मुले भराभर वाढतात. म्हणून वाचकांना एक विनंती. उद्या सकाळी शाळेच्या वाटेवर चौकात लाल दिवा असेल, आकडा सातावर आला असेल, मामा कोठेही दिसत नसतील, मागचे लोक हॉर्न वाजवून तुमच्या पूर्वजांचा उद्धार करीत असतील. तेव्हा ते सात सेकंद पाय टेकून उभे राहा, आणि पुढच्या फळीवरून प्रश्न आलाच तर "लाल आहे म्हणून" एवढेच उत्तर द्या. परवाना सरकार देते; गाडी मूल तुमच्याकडून शिकते.